वारा अडवताना हवाही अडली : निफाड तालुक्यातील परसातल्या कोंबड्यांच्या हिवाळी आजाराचे एक प्रकरण

निफाडची थंडी महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला याचा आकडा डिसेंबर-जानेवारीत वरचेवर छापून येतो आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करताना दिसतात. बागेची काळजी घेणाऱ्या त्याच घरांच्या परसात दहा-वीस कोंबड्याही असतात. त्यांच्या अंड्यांवर घरातल्या बाईचा किराणा आणि मुलांच्या वह्या भागतात, मात्र थंडीत त्यांना नेमके काय लागते याचा विचार बहुधा पहिली कोंबडी मेल्यावरच सुरू होतो. येथे मांडलेले प्रकरण गोदाकाठच्या एका गावातील, गेल्या हिवाळ्यातील आहे. तालुक्यातील बचत गटांच्या महिलांना परसातील कोंबडीपालनाबद्दल मार्गदर्शन करण्याचे काम मी करतो, आणि या प्रकरणात जे बिघडले त्याची सुरुवात माझ्याच एका अपुऱ्या सल्ल्यापासून झाली, हे आधी नोंदवणे मला आवश्यक वाटते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गटाच्या बैठकीत मी सांगितले होते की थंडीत कोंबड्यांना वारा लागू देऊ नका. त्या गटातील एका काकूंकडे तेव्हा बावीस पक्षी होते : अकरा गावरान कोंबड्या, गिरिराज या सुधारित जातीच्या नऊ कोंबड्या आणि दोन कोंबडे. १४ डिसेंबरला त्यांनी आठवडे बाजारातून कडकनाथच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या पक्ष्यांत सोडल्या. खुराडे आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद, मागे घराची विटांची भिंत, तिन्ही बाजूंना जाळी, वर उतरता पत्रा, खाली दिवाळीला टाकलेला दोन इंच लाकडाचा भुसा. १८ तारखेला थंडीची लाट आली तेव्हा काकूंच्या मुलाने शेततळ्यासाठी आणलेल्या प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा काढला आणि तिन्ही बाजू जमिनीपासून पत्र्यापर्यंत सुतळीने घट्ट आवळून टाकल्या. दारालाही कागद लावला. काम अगदी मन लावून केले होते, कुठे बोटभरही फट ठेवली नव्हती.

दहाव्या दिवशी दोन कोंबड्या पिसे फुगवून कोपऱ्यात गुंगत बसल्या. २९ तारखेला एक गिरिराज मेली. रोजची अकरा अंडी चारवर आली. मुलाने तालुक्याच्या एका दुकानातून औषधाची पुडी आणून दीड दिवस पाण्यातून दिली, फरक पडला नाही, आणि ३० तारखेला रात्री काकूंचा फोन आला. “भाऊ, मर आली वाटतं कोंबड्यांना. आता सगळ्याच जातील का?” एवढेच त्या बोलल्या. मी त्यांना खुराड्याचे दार सकाळी मी येईपर्यंत उघडू नका असे सांगितले, कारण रात्रभर पक्षी ज्या हवेत राहिले ती हवा मला स्वतः पाहायची होती.

सकाळी सहाला बाहेर झोंबणारी थंडी होती. दार उघडून मी आत वाकलो तर तोंडावर ऊब आली आणि तिच्यापाठोपाठ डोळ्यांत झणझणी. उभे राहिल्यावर वास तितका तीव्र वाटत नव्हता, परंतु कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे उकिडवे बसून श्वास घेतला, तेव्हा अर्ध्या मिनिटात घसा खवखवू लागला आणि डोळ्यांतून पाणी आले. पत्र्याच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब रांगेने लटकलेले होते, अधूनमधून एखादा खाली बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर पडत होता आणि ती तेवढ्यापुरती अंग झटकत होती. कागदाच्या आतल्या बाजूने पाणी ओघळून कडेचा भुसा काळा पडला होता. तो मुठीत घेऊन दाबला तर त्याचा लाडू झाला आणि मूठ उघडल्यावरही फुटला नाही. नीट ठेवलेला भुसा दाबल्यावर किंचित चिकटतो आणि लगेच सुटा होतो. दोन पक्षी रात्रीतून मेले होते. उरलेल्यांपैकी सात-आठ जणींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे होते आणि नाकपुड्यांवर भुशाचे कण चिकटलेले होते. मी जाळीला कान लावून थांबलो. आतून मांजर घुरघुरावे तसा बारीक आवाज येत होता, एकीचा थांबला की दुसरीचा सुरू होत होता.

काकूंच्या मनात भीती मानमोडीची होती आणि ती अनाठायी नव्हती. रानीखेत हे त्याच रोगाचे दुसरे नाव. तो विषाणूने होतो, लसीकरण नसलेल्या कळपात बघता बघता सगळे पक्षी जातात, हिरवी हगवण लागते आणि जगलेल्या काही पक्ष्यांची मान पिळवटून राहते. येथे हगवण नव्हती, कुणाची मान वाकडी नव्हती, पंख किंवा पाय लुळे पडले नव्हते, आणि पहिल्या लक्षणापासून चार दिवसांत सव्वीसपैकी तीन मृत्यू म्हणजे मर संथ होती. गिरिराज पक्ष्यांना आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी लस टोचलेली होती आणि गावरान कोंबड्यांना ऑगस्टमध्ये त्याच रोगाची लासोटा लस दिल्याची नोंद गटाच्या वहीत होती. फक्त बाजारातून आणलेल्या चार तलंगांबद्दल कुणालाच काही माहिती नव्हती.

दुसरी शंका बर्ड फ्लूची. तिचा उच्चार होताच घरातले सगळे गप्प झाले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये आणि परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला जानेवारी २०२१ मध्ये हा रोग आढळला, दोन्ही वेळा थंडीच्याच दिवसांत. त्यातच हे गाव नांदूर मध्यमेश्वरच्या जवळ. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील हे पहिले पाणथळ, जेथे हिवाळ्यात दूरदेशीची बदके हजारोंनी उतरतात. परसातल्या कोंबड्या त्या पाण्यापर्यंत जात असतील तर ही शंका आधी दूर करणे भागच असते. रोग ठरला तर एक किलोमीटरच्या परिघातील सगळे पक्षी नष्ट केले जातात हे काकूंना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी विचारले की डॉक्टरांना न सांगता चालणार नाही का. मी त्यांना स्पष्टपणे सांगितले की चालणार नाही. अशा रोगाची शंका कळवणे प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देते, आणि लपवल्यास शेजारच्या दहा घरांचे नुकसान होते. त्यांनी स्वतःच पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन लावला.

पशुवैद्यकीय डॉक्टर दुपारी आले. कोंबड्या नदीकडे जातात का, घरी बदके आहेत का, गावात कावळे मेलेले दिसले का, हे त्यांनी आधी विचारले. तुरा निळा पडलेला, डोके सुजलेले, एका रात्रीत निम्मे पक्षी गेलेले, असे काहीच नव्हते. मेलेले दोन्ही पक्षी त्यांनी दुहेरी पिशवीत घालून दवाखान्यात नेले. कोंबडी कशाने मेली हे पाहायला घरी, चुलीजवळ, उघड्या हाताने ती फाडण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती अशा वेळी फार घातक ठरू शकते. दोन्ही पक्ष्यांच्या श्वासनलिकेत चिकट शेंबूड भरलेला होता. कोंबडीच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या नऊ पिशव्या असतात, त्या निरोगी पक्ष्यात पारदर्शक पडद्यासारख्या दिसतात. येथे त्या धुरकट झाल्या होत्या आणि दोन ठिकाणी पनीरासारखा पिवळट घट्ट थर बसला होता. निदान झाले मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाचे, आणि त्यावर विष्ठेतल्या जंतूंची भर पडलेली.

मायकोप्लाझ्मा बहुधा त्या चार तलंगांबरोबर आला. बाजारात वेगवेगळ्या गावांचे पक्षी एका डालग्यात तासन्‌तास एकमेकांच्या तोंडाशी तोंड लावून असतात. वरून धडधाकट दिसणारा पक्षी हा जंतू बाळगून असू शकतो, आणि नवे पक्षी किमान तीन आठवडे वेगळे ठेवून पाहणे हाच त्यावर घरगुती उपाय आहे. तरीही जंतू आला म्हणून कोंबड्या मेल्या असे म्हणणे मला अपुरे वाटते. हा जंतू अनेक परसांत असतो आणि तेथे थोडी शिंक, थोडा फेस यापलीकडे जात नाही. येथे तो जीवघेणा झाला तो त्या बंद कागदाच्या आत.

एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. त्यातले थोडे अंड्यात जाते, बाकी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडते. संध्याकाळी साडेपाचला कोंडलेल्या सव्वीस कोंबड्या सकाळी नऊपर्यंत आत असत, म्हणजे रोज रात्री दोन-अडीच लिटर पाणी तरी त्या आठ बाय पाचच्या जागेत सोडले जात होते आणि त्याला जायला वाट नव्हती. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आतली दमट ऊब त्याला लागली की तिचे दव होते आणि तेच खाली टपकते. ओल्या भुशात विष्ठेतील युरिक आम्लाचे जंतूंकडून विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि तो भुशाच्या लगत, म्हणजे नेमका कोंबडीच्या नाकाशी, सर्वांत दाट असतो. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचे जे अस्तर असते ते धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढते. अमोनियाने ते केस निकामी होतात. माणसाला हा वास हवेच्या दहा लाख भागांत वीसेक भाग अमोनिया झाल्यावर जाणवतो आणि पंचवीसच्या पुढे तो पक्ष्यांना अपायकारक मानला जातो, याचा अर्थ वास आला तेव्हाच उशीर होत आलेला असतो. रोज तेथे वावरणाऱ्याच्या नाकाला तर तो कळेनासाही होतो. काकूंना वास आला होता, त्यांनी २५ तारखेला त्यावर चुना भुरभुरला आणि कागद पुन्हा बांधला. चुना ओल शोषतो हे खरे, परंतु तो भुशाची आम्लता घालवतो आणि त्यामुळे भुशात अडकलेला अमोनिया वायू होऊन अधिक वेगाने सुटतो. मोकळ्या हवेत तो उडून जातो. येथे तो कोंबड्यांच्या फुप्फुसांत गेला. त्या रात्रीनंतर दोन दिवसांत पहिल्या दोन कोंबड्या आजारी दिसल्या.

हे सर्व मी काकूंना सांगत होतो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्हीच म्हटले होते ना भाऊ, वारा लागू देऊ नका म्हणून.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. वारा आणि हवा हे दोन शब्द मी बैठकीत वेगळे करून सांगितले नव्हते. बसलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येणे वाईट, कारण ती पिसांमध्ये धरून ठेवलेली ऊब त्याने निघून जाते. तिच्या डोक्यावरून शिळी, दमट हवा सतत बाहेर जात राहणे मात्र तितकेच आवश्यक आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, पूर्ण पिसे आलेली, पोट भरलेली आणि कोरडी कोंबडी पाच-सहा अंशांची रात्र सहज काढते. जेथे बर्फ पडतो अशा देशांतही प्रौढ कोंबड्या बिनाशेगडीच्या खुराड्यात हिवाळा काढतात आणि तेथे तुरा गारठून काळा पडण्याचा त्रास बंद, दमट खुराड्यांत अधिक होतो. आपल्याकडे तुरा गोठण्याइतकी थंडी पडत नाही. आपला शत्रू ओल आहे, असे या प्रकरणानंतर मी ठामपणे म्हणतो. याला अपवाद आहेत ते पिल्लांचा आणि पिसे झडत असलेल्या कोंबडीचा. काकूंची एक खुडूक कोंबडी सात पिल्लांसह स्वयंपाकघरात डालग्याखाली होती, आणि ती आठही जणे या सगळ्यातून सुखरूप राहिली.

डॉक्टरांनी आधी दुकानातली पुडी पाहिली. ते औषध पेनिसिलिनच्या कुळातले होते. ही औषधे जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर, काम करतात आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे ती पुडी पूर्ण मात्रेत दिली असती तरी उपयोग झाला नसता. त्यांनी दुसरे प्रतिजैविक पाच दिवसांसाठी लिहून दिले आणि देण्याची पद्धतही सांगितली : थंडीत कोंबड्या पाणी कमी पितात, म्हणून पाण्यातून दिलेले औषध पुरेसे पोटात जात नाही. सकाळी तासभर पाणी काढून ठेवायचे आणि मग औषधाचे कोमट पाणी थोडेच, संपेल इतके, ठेवायचे. ज्या चार कोंबड्या पाण्याकडे येतच नव्हत्या त्यांना वेगळ्या डालग्यात ठेवून ड्रॉपरने थेंबथेंब चोचीच्या कडेने पाजायचे. मिठाचे पाणी उकळून कोमट करायचे आणि त्याने डोळे पुसायचे. औषध चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंतची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. काकूंनी ती अंडी मोजून खड्ड्यात पुरली. घरात पैशाची चणचण असताना एकोणतीस अंडी मातीत घालणे सोपे नसते, आणि त्यांनी ते कुणाच्या देखरेखीशिवाय केले.

खुराड्याचे काम आम्ही ३१ तारखेच्या दुपारीच उरकले. कागद काढून टाकला नाही. पत्र्याखालची वरची नऊ इंच पट्टी समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी कापून काढली, खालचा भाग कोंबड्या बसतात त्या उंचीच्या वर हातभर ठेवला. त्यामुळे अंगावर वारा येत नाही आणि डोक्यावरून हवा वाहते. सगळा भुसा खरडून शेणखताच्या खड्ड्यात गेला. जमीन उन्हात वाळली, पक्षी बाहेर असतानाच तिच्यावर चुना टाकला, आणि दुसऱ्या दिवशी इगतपुरीकडून मिळालेले भाताचे तूस चार इंच पसरले. पत्र्यावर उसाचे पाचट जाड थरात दाबून बांधले, म्हणजे पत्रा गार पडत नाही आणि त्याला दव धरत नाही. या एका गोष्टीचा परिणाम मला स्वतःला वाटला होता त्याहून मोठा होता. बसायला आत एकच बारीक बांबू होता, त्यावर निम्म्याच कोंबड्या मावत आणि बाकीच्या ओल्या भुशात झोपत. त्याऐवजी दोन फूट उंचीवर दोन इंच रुंदीच्या सपाट पट्ट्या लावल्या. रुंद पट्टीवर बसलेली कोंबडी बोटे पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकून घेते, बारीक दांडीवर ती उघडी राहतात.

मुलाचा आग्रह आत शंभर वॉटचा दिवा लावण्याचा होता. मी त्याला विरोध केला. कोरडे तूस, पिसे, लोंबती वायर आणि उडणारे पक्षी एकत्र आले की आग लागायला एक रात्र पुरते. शिवाय रात्रीच्या उबेची सवय झालेले पक्षी वीज गेली की अधिक गारठतात, आणि वीज जाणे गावात नवे नाही. त्याऐवजी खाण्याकडे पाहिले. थंडीमुळे काकू कोंबड्या नऊनंतर सोडत आणि लवकर कोंडत, म्हणजे चरण्याचे तास बरेच घटले होते, परंतु दाण्याचे माप पावसाळ्यातलेच होते. संध्याकाळी कोंडण्याआधी मक्याचा भरडा वाढवला. धान्य रात्रभर पचत राहते आणि पचताना अंग ऊबदार ठेवते. अंधार पडल्यावर पट्टीवर बसलेल्या कोंबडीच्या गळ्याखाली हात घालून दाण्याची पिशवी चाचपण्याची सवय काकूंनी लावून घेतली : लिंबाएवढी भरलेली लागली की ती कोंबडी ठीक, रिकामी लागली की सकाळी तिच्याकडे लक्ष. पाण्यासाठी आदल्या रात्रीचे गारठलेले पिंप बंद केले. विहिरीचे ताजे पाणी पहाटे कोमट असते, द्राक्षवाले त्याच कारणाने पहाटे ठिबक सोडतात, तेच पाणी कोंबड्यांना देऊ लागलो.

वेगळ्या ठेवलेल्या चारपैकी दोन कोंबड्या वाचल्या नाहीत, एक २ जानेवारीला आणि दुसरी ४ ला गेली. एकूण पाच पक्षी दगावले, त्यात तीन गिरिराज आणि दोन कडकनाथ. आठव्या दिवसानंतर रात्रीची घुरघुर कमी झाली आणि १५ जानेवारीच्या सुमारास ती ऐकू येईनाशी झाली. अंडी लगेच वाढली नाहीत. याचा काकूंना घोर लागला होता, परंतु अंडी घटण्याचे सगळे खापर आजारावर फोडता येत नाही. कोंबडीला नियमित अंडी द्यायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरअखेरीस आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पहाटे छोटा दिवा लावून उजेड वाढवता आला असता, मात्र नुकत्याच आजारातून उठलेल्या पक्ष्यांना अंड्यांसाठी ताणणे मला योग्य वाटले नाही. जानेवारीअखेर दुसरी थंडीची लाट आली त्या पहाटे मी पुन्हा खुराड्यात वाकलो. आत बाहेरच्याइतकीच थंडी होती, पत्र्याच्या खाली हात फिरवला तो कोरडा निघाला, आणि तुसाचा वास तुसासारखाच होता. त्या आठवड्यात रोज आठ-नऊ अंडी मिळत होती.

एक प्रश्न उरला होता. बरे झालेले पक्षी मायकोप्लाझ्मा आयुष्यभर बाळगू शकतात आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो. शेजारणी काकूंकडून दरवर्षी खुडूक कोंबडीखाली घालायला अंडी नेतात. यंदा काकूंनी ती दिली नाहीत आणि कारण प्रत्येकीला खरे सांगितले. उरलेले एकवीस पक्षी अंड्यांपुरते ठेवून हळूहळू घरात आणि ओळखीच्या घरी खाण्यासाठी संपवायचे, मग खुराडे उन्हाळ्यात महिनाभर रिकामे उन्हात ठेवायचे, आणि लस दिलेली पिल्ले आणून नव्याने सुरुवात करायची, असे आमचे ठरले. स्वयंपाकघरातली सात पिल्लेही याच हिशेबात धरली, कारण त्यांची आई त्याच कळपातली होती. तिला मात्र कापणार नाही, ती आणि पिल्ले पलीकडच्या मळ्यात वेगळी राहतील आणि त्यांचे एकही अंडे उबवले जाणार नाही, असे काकूंनी सांगितले, आणि त्यांच्यासाठी मळ्यात वर नऊ इंच उघडे ठेवलेले लहान खुराडे मुलाने त्याच उरलेल्या कागदाचे बांधले.